रांगेतली पळवाट

सुट्टीत जालन्याहून खोपोलीच्या इमॅजिकात लेकरांना नेणारे पालक एकाला रांगेत उभे करून मागून दहा जण घुसवतात, ती हुशारी नव्हे.

अमेरिकेतील डिस्ने उद्यानांत अपंगांना लांब रांग टाळण्यासाठी कार्ड मिळे. काही धनिक त्यासाठी अपंग सोबती भाड्याने घेतात, असे वृत्त २०१३ मध्ये आले. त्याच वर्षी ते कार्ड बंद झाले. ‘ठरल्या वेळी परत या’ अशी नवी पद्धत आली. थांबणे न सोसणाऱ्या स्वमग्न मुलांच्या पालकांना २०१४ मध्ये न्यायालयात जावे लागले.

पळवाट एकाने काढली, सवलत दुसऱ्याची गेली. खोट्या दाखल्यांचे चटके सोसलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. आम्हांस वाटते, लेकरांना हक्क मागायला शिकवावे, तसेच दुसऱ्याचा हक्क राखायलाही.