वाढीव आसने कोणासाठी?

तिकिटांसाठी रांग लागली की क्रीडांगण वाढवावे, हा सल्ला वरवर बिनतोड वाटतो. परंतु रांग ही विशिष्ट दराला असलेली मागणी असते आणि ती जयपराजयाबरोबर बदलते. इंग्लंडमधील डार्लिंग्टन या लहान फुटबॉल क्लबाने २००३ साली २५ हजार आसनांचे क्रीडांगण उभारले. प्रेक्षक त्या मानाने मूठभरच आले. वर्षअखेरीस क्लबाचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला आणि २०१२ मध्ये क्लबाला ते क्रीडांगण सोडावे लागले.

लिव्हरपूलची गोष्ट निराळी. तेथील मागणी जुनी व टिकाऊ आहे. २०१६ मध्ये अ‍ॅनफिल्ड क्रीडांगणाच्या मुख्य सज्जात सुमारे साडेआठ हजार आसनांची भर पडली. तथापि पुरवठा वाढला की किंमत उतरते, हा क्रमिक पुस्तकातील नियम येथे लागू पडला नाही. उलट, नव्या सज्जातील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे ठरले. त्याच्या निषेधार्थ फेब्रुवारीत हजारो प्रेक्षक सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला उठून गेले, तेव्हा क्लबाने माघार घेतली.

कारण उघड आहे. एका नाटकाचे तिकीट मिळाले नाही तर रसिक दुसरे नाटक पाहतो. निष्ठावंत प्रेक्षक मात्र संघ बदलत नाही. त्याच्यापुरता क्लब हा मक्तेदारच असतो.

म्हणून विस्तार जरूर व्हावा. पण पडत्या काळातही रांग टिकते याची खात्री करून, आणि नव्या आसनांचा ठराविक हिस्सा सामान्यांना परवडेल अशा दराने राखून. एरवी क्रीडांगण मोठे होईल आणि ज्यांच्या नावाने ते वाढवले, ते मात्र फाटकाबाहेरच राहतील.