मूल मोठे होते आहे, गावही बदलते आहे

चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला बदल म्हणजे काय हे सांगायला नको. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहू लागला, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि बघता बघता कारखानदारी भोसरी-आकुर्डी ओलांडून खेड तालुक्यात शिरली. ज्या रानात कांदा निघायचा तिथे आज मोटारी निघतात. तुम्ही-आम्ही कुरकुरत का होईना, जुळवून घेतले. पण ज्या घरात स्वमग्न मूल आहे त्या घराला विचारून पाहा. विहिरीकडे जायची रोजची वाट एके दिवशी तारेच्या कुंपणाने बंद होते, आणि ते लेकरू कुंपणापाशी बसून दुपारभर ओरडते. लोक म्हणतात, पोर बिथरले. पोर बिथरलेले नसते. त्याची वाट हरवलेली असते.

स्वमग्नता, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात, ती काही आजकालची नव्हे. अमेरिकेतल्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अशा अकरा मुलांची हकीगत लिहिली, तेव्हापासून तिला हे नाव मिळाले, इतकेच. आपल्याकडे त्यापूर्वीही अशी मुले होतीच. त्यांना ‘घुमे’ किंवा ‘खुळे’ म्हणत आणि विषय संपवत. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईची माया कमी पडली असे एके काळी शिकलेले डॉक्टरही म्हणत. ते साफ खोटे ठरले. लस टोचल्याने होते ही आवई १९९८ साली एका इंग्रज डॉक्टराच्या लेखाने उठवली. ज्या नियतकालिकाने तो लेख छापला त्यानेच तो २०१० साली मागे घेतला. तेव्हा सासूबाई, सुनेला बोल लावू नका. आणि अंगारा देणारा असो की ‘खात्रीचे’ औषध विकणारा, दोघांनाही दारातूनच वाटेला लावा. स्वमग्नता घालवणारे औषध नाही.

अशा मुलाला बोलणे उशिरा येते, काहींना येतच नाही. नजरेला नजर देत नाही. कर्णा, कुकरची शिट्टी, कधी नुसता अंगातला नवा सदरा त्याला सोसत नाही. आणि ठरलेली गोष्ट मोडली की जीव कासावीस होतो. या शेवटच्या गोष्टीशी मूल मोठे होताना सगळ्यात जास्त गाठ पडते.

घरातला बाप शेतात होता तोवर दिवेलागणीला घरी येत असे. तो कंपनीत लागला. आता एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड, मग नाईट. दिवा लागतो, बाबा येत नाहीत, मूल उंबऱ्यावर उभे राहते आणि जेवायला बसत नाही. हा हट्ट नव्हे, वाचकहो. दिवा लागला की बाबा येतात, हा त्याच्या जगाचा खांब आहे, आणि आपण तो दर आठवड्याला हलवतो. शिफ्ट काही आपल्या हातात नाही, पण ती आधी दाखवणे हातात आहे. भिंतीवर कॅलेंडर असतेच. फर्स्ट शिफ्टच्या चौकटीत उगवता सूर्य काढा, सेकंडच्या चौकटीत मावळता, नाईटच्या चौकटीत चंद्र. पिंपरी-भोसरीकडे कित्येक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि शाळेला रविवारी. तेही खुणेने वेगळे दाखवा. रोज रात्री मुलाच्याच हाताने त्या दिवसावर फुली मारवून घ्या. बोलणाऱ्या मुलापुढेही आपले शब्द विरून जातात, चित्र मात्र भिंतीवर राहते. आठवड्यात गुण येईल अशी आशा धरू नका, महिने लागतील.

मोठ्या बदलालाही तीच रीत. जुने घर पाडून नवे बांधायचे असेल तर पाया खोदल्यापासून मुलाला रोज तिथे न्या, भिंत हाताला लागू द्या. त्याची वाकळ, त्याचे ताट, झोपायची दिशा जुनीच ठेवा. बैल विकायचा असेल तर तो रात्रीतून नाहीसा करू नका. गोठा रिकामा दिसल्यावर ज्याला ‘का’ हेही विचारता येत नाही, त्याचे काय होत असेल याचा विचार करा.

पण सगळ्यात मोठा बदल अंगातच होतो. कालपर्यंत पाहुण्याच्या मांडीवर बसणाऱ्या मुलाला मिसरूड फुटते, आणि जी सवय गोड वाटत होती तिला लोक नावे ठेवू लागतात. म्हणून दहाव्या वर्षापासूनच शिकवायला लागा: आंघोळ दार लावून, कपडे आत बदलायचे, हात जोडून नमस्कार करायचा, गळ्यात पडायचे नाही. मुलीला पाळी येण्यापूर्वीच पॅड किंवा घडी घालायची सवय आईने कोरडी लावावी. कोणी कुठे हात लावायचा नाही हेही शिकवा, कारण बोलता न येणाऱ्या मुलीचा गैरफायदा घेणारे बाहेरचेच असतात असे नाही. या वयात काही मुलांना फिटही येऊ लागते. ती आली तर कांदा हुंगवत न बसता दवाखाना गाठा. शांत मूल एकाएकी मारू-चावू लागले तर आधी दात, कान, पोट तपासून घ्या. दुखते हे त्याला सांगता येत नसेल.

चाकणमधून पुणे-नाशिक महामार्ग जातो, तळेगाव-शिक्रापूर रस्ताही जातो, आणि कंटेनर रात्रंदिवस चालू असतात. या भीतीने एखादी आई मुलाला खाटेला बांधून कामाला जाते. तिला नावे ठेवणे सोपे आहे. तिच्या जागी कोण बसणार? पण मोठे होणारे पोर दाव्याने आवरत नाही. फाटकाला उंच कडी लावा, सदऱ्याच्या आतून फोन नंबर शिवा, आणि टपरीवाला, पेट्रोल पंपाची पोरे, कंपनीच्या गेटवरचे वॉचमन यांना मुलाची ओळख करून द्या. लपवलेले मूल हरवले तर सापडवून देणारा कोणी नसतो.

आणखी एक सल्ला गावात हटकून मिळतो: लग्न करून द्या, सुधारेल. ही स्वमग्न मुलावर उपाययोजना नव्हे. न सांगता दुसऱ्याची लेक आणणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि त्याला दुसरे सौम्य नाव मला तरी ठाऊक नाही.

आता कागदपत्रांचे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्याने मानलेल्या २१ प्रकारांत ते आले. सरकारी रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून ठेवा. ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्या कायद्यानेच दिला आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. आणि एक गोष्ट बहुतेक घरांत उशिरा कळते: मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. पालकाला सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो.

हा हिशेब आपल्या पट्ट्यात फार मोलाचा. जमिनीचा मोबदला येतो, वाटण्या होतात, आणि न बोलणाऱ्या भावाचा हिस्सा सर्वात आधी विसरला जातो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे व्यंग किंवा आजार या कारणाने वारसाहक्क जात नाही. त्याचे नाव सातबाऱ्यावर आहे ना, हे तुम्ही हयात असतानाच पाहा. बहिणीवर किंवा पुतण्यावर भार टाकायचा असेल तर त्यांना समोर बसवून विचारा. गृहीत धरू नका.

आणि एक वही करा. आपल्या माघारी जो कोणी सांभाळील त्याच्यासाठी. भाकरी चुरून लागते की अख्खी, आंघोळीला पाणी किती कोमट, कशाने घाबरते, घाबरल्यावर कोणत्या कोपऱ्यात बसू द्यावे, कोणते औषध चालू आहे, कोणत्या शब्दाचा अर्थ ‘पोट दुखते’ असा आहे. दर दिवाळीला ती नव्याने लिहा. गेल्या साली कुकरच्या शिट्टीला कान झाकणारी पोर यंदा चुलीपाशी बसून शिट्ट्या मोजत असेल.