दोर ढिला पडू देऊ नका

घाटाच्या पायथ्याशी टेम्पो बंद पडतो, मागून ओळखीचा ट्रक येतो आणि ‘गॅरेजपर्यंत ओढून नेऊ’ असं ठरतं. सगळ्यांचं लक्ष ओढणाऱ्या ट्रककडे असतं. कस मात्र लागतो तो मागच्या गाडीतल्या ड्रायव्हरचा.

इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं. ब्रेकच्या बूस्टरमधला जोर दोन-तीनदा पेडल दाबताच संपतो आणि पुढे पाय सगळ्या ताकदीनं रोवावा लागतो. चावी काढली तर स्टिअरिंगच लॉक होऊ शकतं.

एअर ब्रेकच्या ट्रकची तऱ्हा निराळी. टाकीतली हवा उतरली की स्प्रिंगच्या जोरानं मागची चाकं जखडतात. तसाच ओढला तर टायर रस्त्यावर घासून निघतात. हवा भरून किंवा ब्रेक चेंबरचा बोल्ट फिरवून चाकं मोकळी करता येतात, पण त्याआधी चाकांखाली दगड लावलेच पाहिजेत, नाहीतर उतारावर ट्रक सुटतो.

ढिला दोर एकदम ताणला गेला की जबर झटका बसतो. साखळी ताणून लांबत नाही, त्यामुळे झटका थेट हुकावर येतो. नायलॉनचा दोर लांबतो खरा, पण तुटला तर चाबकासारखा उलटतो. म्हणून जवळ कुणी उभं राहू नये. दोर बंपरला नव्हे, चासीच्या हुकालाच बांधावा.

1989 च्या रस्ता नियमांत दोन गाड्यांमधलं अंतर जास्तीत जास्त 5 मीटर आणि वेग ताशी 24 किलोमीटर सांगितला होता. मागच्या गाडीचे ब्रेकच गेले असतील, तर दोराचा विचारही करू नका, क्रेन बोलवा.