तरुणींमधील लैंगिक आरोग्यविषयक जागरूकता (बारामती व इंदापूर)

लैंगिक आरोग्यविषयक जागरूकता म्हणजे शरीररचना, मासिक पाळी, गर्भधारणा व गर्भनिरोधन, लैंगिक संसर्ग, संमती आणि उपलब्ध वैद्यकीय व कायदेशीर सेवा यांविषयीचे योग्य ज्ञान, तसेच गरज पडल्यास त्या ज्ञानाचा उपयोग करण्याची क्षमता. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार लैंगिक आरोग्य म्हणजे केवळ आजाराचा अभाव नव्हे, तर लैंगिकतेच्या संदर्भातील शारीरिक, भावनिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांतील महाविद्यालयीन तरुणींच्या संदर्भात या विषयाचा आढावा घेतला आहे.

== पार्श्वभूमी ==

महाराष्ट्रात या विषयावरील जाहीर चर्चेची परंपरा जुनी आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले. त्यांचे पुत्र व गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ मधील आपल्या निधनापर्यंत ते चालवले. या लेखनाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. पुढे शकुंतला परांजपे यांनी कुटुंबनियोजनाचे कार्य केले व राज्यसभेतही हा विषय मांडला.

ग्रामीण स्त्रियांच्या आजारांचे स्वरूप १९८९ साली डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून समोर आले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार असल्याचे आढळले. त्यांपैकी पूर्वी तपासणी झालेल्यांचे प्रमाण केवळ ८ टक्के होते. ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानंतर स्त्रियांचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण ही समजूत मागे पडू लागली. डॉ. बंग यांचा ‘तारुण्यभान’ हा उपक्रम युवक-युवतींना शरीर, नातेसंबंध व जबाबदारी यांविषयी शास्त्रीय माहिती देतो. शालेय पातळीवर मात्र २००७ साली राज्यात लैंगिकता शिक्षणाच्या कार्यक्रमास विरोध होऊन तो थांबवण्यात आला. परिणामी अनेक विद्यार्थिनींना या विषयाची पहिली पद्धतशीर माहिती महाविद्यालयात आल्यावरच मिळते.

== शैक्षणिक व सामाजिक परिसर ==

बारामती हे पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावरील शैक्षणिक केंद्र आहे. येथे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय (स्थापना १९६२), विद्या प्रतिष्ठान (स्थापना १९७२) व शारदानगर येथील शारदाबाई पवार महिला महाविद्यालय या संस्था आहेत. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू आहे. इंदापूर पुणे–सोलापूर महामार्गावर असून तेथेही वरिष्ठ महाविद्यालय आहे. या भागातील पारंपरिक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळामार्फत ‘निर्भय कन्या अभियान’ राबवले जाते. त्यात स्वसंरक्षण, आरोग्य व कायदा यांवरील व्याख्याने होतात.

अनेक विद्यार्थिनी वाड्यावस्त्यांवरून एसटीने ये-जा करतात, तर काही वसतिगृहात राहतात. तालुक्याच्या गावात दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात ओळखीचे कोणी भेटण्याची शक्यता मोठ्या शहरापेक्षा अधिक असते. शिक्षण बंद होईल किंवा घाईने लग्न ठरवले जाईल, या भीतीने तक्रार लपवली जाऊ शकते. त्यामुळे अशा परिसरात माहितीइतकेच महत्त्व गोपनीयतेला आहे. एखादी सेवा अस्तित्वात असली, तरी तेथे गेल्याची गोष्ट घरी किंवा महाविद्यालयात कळणार नाही याची खात्री नसेल, तर तिचा लाभ घेतला जात नाही.

== प्रमुख आरोग्यविषय ==

=== पाळी व जननमार्गाचे संसर्ग ===

पाळीची अनियमितता ताण, रक्तक्षय, थायरॉईडचे विकार किंवा पीसीओएस यांमुळे उद्भवू शकते. योनीतून थोडा पांढरा स्राव जाणे नैसर्गिक आहे; परंतु दुर्गंधी, खाज, रंगातील बदल किंवा ओटीपोटात दुखणे ही संसर्गाची लक्षणे असू शकतात. असे बहुतेक संसर्ग योग्य औषधांनी बरे होतात. ‘अंगावरून जाणे’ ही लाजेची बाब मानून उपचार टाळल्यास संसर्ग गर्भाशय व गर्भनलिकांपर्यंत पसरून वंध्यत्वाचा धोका निर्माण होतो.

अपुऱ्या माहितीचे दुसरे टोक म्हणजे अनावश्यक शस्त्रक्रिया. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे उघड झाल्यानंतर राज्य शासनाने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती. बारामती व इंदापूर हे साखर कारखान्यांचे तालुके असल्याने ऊसतोड कुटुंबे दर हंगामात येथेही येतात.

=== गर्भनिरोधन ===

निरोध हे गर्भधारणा व लैंगिक संसर्ग या दोन्हींपासून संरक्षण देणारे साधन आहे. गर्भनिरोधक गोळ्या व तांबी गर्भधारणा रोखतात, परंतु संसर्ग रोखत नाहीत. लेव्होनॉर्जेस्ट्रेल ही तातडीची गर्भनिरोधक गोळी असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावयाची असते. भारतात ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. ती गर्भपाताची गोळी नव्हे. राहिलेल्या गर्भावर तिचा परिणाम होत नाही. गर्भपाताची औषधे मात्र वैद्यकीय देखरेखीखालीच घेणे आवश्यक असते. परस्पर घेतल्यास अतिरक्तस्राव किंवा अपूर्ण गर्भपात होण्याचा धोका असतो.

=== गर्भाशयमुखाचा कर्करोग ===

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हा कर्करोग आढळतो. त्याचे मुख्य कारण एचपीव्ही या विषाणूचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग हे आहे. लस ९ ते १४ या वयात, लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वी दिल्यास सर्वाधिक परिणामकारक ठरते. त्यानंतरच्या वयातील तरुणींनाही वैद्यकीय सल्ल्याने ती घेता येते. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या कर्करोगाचे मृत्यू लक्षणीय घटतात, असा त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

== कायदेशीर बाजू ==

वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ साली संमत झाला. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा १९९४ चा कायदा वेगळा आहे. या दोहोंची गल्लत होऊन गर्भपातच बेकायदा असल्याचा गैरसमज पसरतो. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निष्फळ ठरल्याच्या तरतुदीतील ‘विवाहित स्त्री’ व ‘पती’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री’ व ‘जोडीदार’ हे शब्द आले. २० आठवड्यांपर्यंत एका, तर त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे मत आवश्यक असते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी या गटांत अविवाहित स्त्रियांचाही समावेश होतो, असा निर्णय दिला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची केवळ स्वतःची संमती पुरेशी असते. आईवडील किंवा पती यांची परवानगी कायद्याने लागत नाही. तिची ओळख उघड करणे हा दंडनीय अपराध आहे.

अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पालकांची लेखी संमती आवश्यक असते. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तिच्याशी संमतीने आलेला संबंधही गुन्हा ठरतो व त्याची माहिती पोलिसांना देणे डॉक्टरांवर बंधनकारक असते. तथापि २०२२ च्या उपरोक्त निर्णयानुसार गर्भपातासाठी आलेल्या मुलीने व पालकांनी विनंती केल्यास त्या माहितीत तिचे नाव व ओळख देण्याची गरज नाही. कनिष्ठ महाविद्यालयातील व प्रथम वर्षाच्या काही विद्यार्थिनी या वयोगटात येतात.

== उपलब्ध सेवा ==

२०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वर्षे वयोगटासाठी समुपदेशनाची सोय आहे. महाराष्ट्रात ही केंद्रे ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून ओळखली जातात. लैंगिक संसर्गांसाठी शासकीय रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. एचआयव्ही चाचणी समुपदेशनासह विनामूल्य होते, आणि २०१७ च्या कायद्यानुसार तिच्यासाठी संमती व निकालाची गोपनीयता बंधनकारक आहे. १०९७ या एचआयव्हीविषयक व १८१ या महिला मदतवाहिनीवर फोन करता येतो. उच्च शिक्षण संस्थांत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असणे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार अनिवार्य आहे.

केवळ वार्षिक व्याख्यानाने जागरूकता पूर्ण होत नाही. शंभर मुलींच्या सभागृहात जो प्रश्न विचारला जात नाही, तो निनावी प्रश्नपेटीत, महिला समुपदेशकाशी एकांतात किंवा मदतवाहिनीवर विचारला जाऊ शकतो. म्हणून व्याख्यानासोबतच जवळचे केंद्र, तेथील वेळ आणि गोपनीयतेची हमी यांची माहिती देणे हा प्रभावी जागरूकता उपक्रमाचा आवश्यक भाग असतो.