खो-खो खेळाडूंच्या दोन पायांतील स्नायुबलाचा असमतोल : मापन आणि प्रशिक्षण

प्रास्ताविक

मनुष्याचे दोन्ही पाय बलाच्या दृष्टीने तंतोतंत सारखे नसतात. अल्प फरक स्वाभाविक असून तो दोष मानण्याचे कारण नाही. तथापि काही खेळ हा फरक वाढवितात. खो-खोमध्ये बसलेला खेळाडू एक पाऊल पुढे व एक मागे ठेवून सज्ज असतो आणि ‘खो’ मिळताच झेपावतो. खांबाला वळसा घालताना शरीराचा भार क्षणभर एकाच पायावर येतो. वर्षानुवर्षे तेच पाऊल मागे व तोच पाय वळणावर राहिल्यास दोन्ही पायांच्या वाट्याला समान काम येत नाही. प्रस्तुत लेखात या असमतोलाचे मापन व प्रशिक्षण यांचा महाविद्यालयीन पातळीवर विचार केला आहे.

मापन

प्रयोगशाळेतील महागडी यंत्रे आपल्या महाविद्यालयांत क्वचितच असतात. मोजपट्टी मात्र असते. एका पायावर उभे राहून पुढे लांब उडी घ्यावी व त्याच पायावर स्थिर उतरावे. प्रत्येक पायाच्या तीन उड्या मोजाव्यात. उजव्या पायाची सर्वोत्तम उडी १८० सें.मी. व डाव्याची १५५ सें.मी. असल्यास डावा पाय उजव्याच्या सुमारे ८६ टक्के ठरतो. १० ते १५ टक्क्यांहून अधिक फरक लक्ष देण्याजोगा मानण्याचा प्रघात आहे. तो नियम नव्हे. एकाच पायाच्या तीन उड्यांत जेवढी तफावत आढळते, तिच्यापेक्षा दोन पायांतील फरक मोठा नसेल तर त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये. शिवाय उडीत कमी पडणारा पाय बैठकीत कमी पडेलच असे नाही.

प्रशिक्षण

खांद्यावर वजन घेऊन दोन्ही पायांवर मारलेल्या बैठकांत सबळ पाय नकळत अधिक भार उचलतो व असमतोल झाकला जातो. दोन पायांखाली दोन साधे वजनकाटे ठेवून अर्धी बैठक घेतल्यास हे सहज दिसून येते. अशा बैठका बंद करण्याचे कारण नाही. त्यांच्या जोडीला मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची बैठक, वजन घेऊन पायरी चढणे, एका पायावर कंबरेतून वाकून वजन उचलणे हे व्यायाम आठवड्यातून दोनदा द्यावेत. आरंभ दुर्बल पायाने करावा. तो आठ आवर्तनांवर थकला तर सबळ पायानेही आठवरच थांबावे. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मापन करावे.

सबळ पायाला पूर्ण विश्रांती द्यावी, हा समज मात्र चुकीचा आहे. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्क्रिप्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९४ मध्ये असे दाखविले की, एका हाताला दिलेल्या सरावाने दुसऱ्या हाताचे बळही काही प्रमाणात वाढते. हा परिणाम मज्जासंस्थेद्वारे घडतो आणि तो पायांतही आढळतो. म्हणूनच एक पाय प्लास्टरमध्ये असताना, वैद्यकीय सल्ल्याने, दुसऱ्याचा व्यायाम चालू ठेवणे हिताचे असते.

दुखापतीनंतरची तुलना

खरी कसोटी येथे लागते. एसीएल या गुडघ्यातील अस्थिबंधावरील शस्त्रक्रियेनंतर दुखावलेला पाय निरोगी पायाच्या ९० टक्के झाला की खेळाडूला मैदानात उतरविण्याकडे कल असतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर असल्यास हा आग्रह वाढतो. परंतु मधल्या काळात सराव थांबल्याने निरोगी पायही दुर्बल झालेला असतो. मापदंडच खाली आल्यामुळे गुणोत्तर समाधानकारक दिसते. त्यात उडीचे अंतर घोटा व नितंब यांच्या बळावरही भरून निघते, आणि मांडीच्या पुढील स्नायूंची उणीव अंतरात दिसतच नाही. निव्वळ टक्केवारी पाहून दिलेली परवानगी त्यामुळे दुसऱ्या दुखापतीस निमंत्रण ठरू शकते.

यावरील उपाय खर्चिक नाही. जूनमध्ये संघाचा सराव सुरू होताच प्रत्येक खेळाडूच्या दोन्ही पायांच्या उड्या सें.मी.मध्ये, टक्केवारीत नव्हे, नोंदवहीत लिहून ठेवाव्यात. पुढे दुखापत झाल्यास तुलना त्या खेळाडूच्या स्वतःच्या जूनमधील आकड्यांशी करता येते, आणि ती नोंद शल्यचिकित्सक व भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्यापुढेही ठेवता येते.