ताय-ची : शरीराचा तोल आणि मनाचे स्थैर्य

वृद्धापकाळी आजाराइतकेच भय पडण्याचे असते. रात्री उठताना, मोरीतल्या ओल्या फरशीवर किंवा उंबरठा ओलांडताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते आणि चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते. एकदा पडलेला माणूस भीतीने चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की पाय दुबळे होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. हे दुष्टचक्र तोडण्यास उपयोगी पडणारा एक व्यायामप्रकार म्हणजे चीनमधील ताय-ची. त्याची ओळख सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

ताय-ची ही मूळची युद्धकला. हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावात १७ व्या शतकात ती आकारास आली, असे परंपरा मानते. पुढे यांग लूचान (१७९९-१८७२) यांनी ती बीजिंगमध्ये शिकवली. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने सामान्य जनतेसाठी २४ हालचालींचा सोपा क्रम तयार केला. तो पाच-सहा मिनिटांत पुरा होतो. २०२० साली युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हिच्यामागील यिन आणि यांग ही कल्पना चिनी तत्त्वज्ञानातील आहे. ताय-ची हा बौद्ध विधी नव्हे. कोणत्याही धर्माचा माणूस ती शिकू शकतो.

आपला तोल तीन गोष्टींवर अवलंबून असतो : डोळे, अंतःकर्ण, आणि तळपाय व सांध्यांकडून मेंदूला मिळणारी जाणीव. वयोमानाने तिन्ही मंदावतात व मांडीचे स्नायूही झिजतात. ताय-चीमध्ये गुडघे किंचित वाकवून, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर अगदी सावकाश नेला जातो. भार असलेल्या पायाला ‘भरलेला’ व दुसऱ्याला ‘रिकामा’ म्हणतात. पाय पूर्ण रिकामा झाल्याशिवाय उचलायचा नाही, हा यातील मुख्य नियम. घाईत आपण नेमके उलट करतो आणि पडतो.

याचा प्राथमिक सराव घरी करता येतो. भिंतीजवळ किंवा जड खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहावे. पायांत खांद्याइतके अंतर ठेवावे, पाठ ताठ पण खांदे सैल असावेत. सारा भार उजव्या पायावर न्यावा, मग डावा पाय उचलून पुढे आधी टाच टेकवावी आणि हळूहळू भार त्यावर आणावा. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये. श्वास नाकाने, सहज चालू द्यावा. सुरुवातीस दहा मिनिटे पुरेत.

हालचाल इतकी संथ असते की लक्ष दुसरीकडे गेले तर पाऊल चुकते. त्यामुळे मन आपोआप पावलावर येते. चंक्रमणाचा सराव असलेल्यांना हे लगेच उमगेल. परीक्षेच्या काळात तासन् तास बसून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही यातून विसावा मिळतो.

हा केवळ समज नव्हे. अमेरिकेतील ऑरेगॉन येथे १९५ पार्किन्सनग्रस्तांवर २४ आठवडे अभ्यास झाला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. ताय-ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, पडण्याचा धोका असलेले सत्तरीपुढील ६७० स्त्री-पुरुष होते. तेथेही ताणाच्या व्यायामाच्या तुलनेत पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. दोन्हीकडे सराव आठवड्यातून दोनदा, एकेक तास होता. अर्थात चार दिवस करून सोडल्यास लाभ नाही.

ताय-ची औषधाची जागा घेत नाही. चक्कर येणाऱ्यांनी, गुडघेदुखी किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व शक्यतो जाणत्या शिक्षकाकडूनच शिकावे. यास साहित्य लागत नाही, मोठी जागा लागत नाही. गच्ची किंवा विहाराचे आवार पुरेसे आहे. आमची तरुण सभासदांना विनंती आहे की, त्यांनी स्वतः शिकावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना हाताला धरून सोबत उभे करावे.