कुकीज पुसाव्यात, पण नेमक्या

कुकी म्हणजे वेबसाइटने ब्राउझरजवळ ठेवलेली मजकुराची छोटीशी नोंद. एका कुकीचा आकार साधारण ४ किलोबाइटच्या आत असतो. ही नोंद लागते, कारण वेब मुळातच विसराळू आहे. प्रत्येक पानाची मागणी स्वतंत्र मानली जाते. मघाशी आलेला माणूस हाच, हे सर्व्हरला आपणहून कळत नाही. यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी कुकीचा तोडगा काढला. ऑनलाइन दुकानात निवडलेल्या वस्तू लक्षात राहाव्यात, ही तेव्हाची एक निकड होती.

काही कुकीज ब्राउझर बंद होताच जातात, काही ठरलेल्या मुदतीपर्यंत राहतात. खरी कटकट तिसऱ्याच कोणाच्या तरी कुकीजची. वाचक बातमी वाचत असतो, पण त्या पानावरची जाहिरात दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि जाताना आपली कुकी ठेवून जाते. तीच कंपनी पुढच्या दहा साइटवर हजर असेल, तर माणूस कुठे कुठे फिरला याचा माग तिला लागतो. चपलांची एकदा चौकशी केली की आठवडाभर चपलाच दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

कुकीज पुसणे सोपे आहे. विंडोजवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबली की साफसफाईची चौकट उघडते. तिथे कालावधी निवडायचा, कुकीजच्या पर्यायावर खूण ठेवायची आणि बाकीच्या खुणा नीट पाहून घ्यायच्या. घाईत साठवलेल्या पासवर्डवरही खूण राहिली, तर तेही जातात. मॅकवरील सफारीत हीच सोय सेटिंग्जमधील प्रायव्हसी विभागात आहे.

सगळ्या कुकीज पुसल्यावर जवळपास प्रत्येक साइटवर पुन्हा लॉगिन करावे लागते. ओळखीचा संगणकही बँकेला नवखा वाटतो आणि ती पुन्हा ओटीपी मागू शकते. गंमत म्हणजे ‘कुकीज नको’ हे उत्तरही बहुधा कुकीतच साठवलेले असते. त्यामुळे संमती विचारणाऱ्या त्या पाट्या नव्याने डोके वर काढतात. म्हणून एखादीच साइट अडून बसली असेल, लॉगिन करूनही पुन्हा लॉगिनच्याच पानावर आणून सोडत असेल, तर तेवढ्या साइटच्या कुकीज काढणे शहाणपणाचे. पत्त्याच्या पट्टीत डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक केले की क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तो पर्याय सापडतो.

पाळतीचाच त्रास असेल, तर वारंवार पुसत बसण्यापेक्षा तिसऱ्या पक्षाच्या कुकीज सेटिंग्जमधून रोखणे बरे. सफारी २०२० पासून त्या आपणहून अडवते. क्रोममध्ये मात्र हा पर्याय स्वतः निवडावा लागतो. सायबर कॅफेतल्या किंवा कार्यालयातल्या सामाईक संगणकावर आधी लॉगआउट करावे, मग कुकीज पुसाव्यात. कंपनीच्या सर्व्हरवर जमलेली माहिती मात्र यातल्या कशानेच पुसली जात नाही.